रोबोची आखणी

माझा मामा बोटीवर फिटर होता. बोटीवरची माणसं परत येताना साबण आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात, झुळझुळीत साड्या आणतात असं गल्लीतल्या बायका सांगायच्या. आमच्या मामानं असलं काही एकदाही आणलं नाही. एका वर्षी त्यानं आईला लोखंडी पाना आणून दिला, जर्मनीचा आहे म्हणून, आणि आई तो पुढं कितीतरी वर्षं नारळ फोडायला वापरत होती. एका वर्षी बटण दाबलं की उघडणारी छत्री आणली. ती उघडली ती पुन्हा मिटली नाही. शेवटी आत्तीनं ती उलटी करून तिच्यात सांडगे वाळत घातले. त्यामुळं त्या आषाढात तो जपानहून आला आणि पिशवीतून पुठ्ठ्याचा एक खोका काढून त्यानं माझ्या थोरल्या भावापुढं ठेवला, तेव्हा आमच्यातल्या कुणालाच फार आशा नव्हती. खोक्यावर एक यंत्राचा माणूस उभा होता. मागं काळं आभाळ, चांदण्या, दोन चंद्र. हातात ढाल, डोक्याला दोन शिंगं. मामा म्हणाला, "रोबो हाय. तिकडची पोरं स्वतः जोडत्यात, स्वतः रंगवत्यात."

दादानं झाकण उघडलं. आत रोबो नव्हताच. राखाडी प्लास्टिकच्या चार चौकटी होत्या आणि त्यांना द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक तुकडे लटकलेले होते: कोपर, गुडघा, पंजा, अर्धं डोकं. दादानं एक चौकट उजेडात धरली आणि म्हणाला, "मामा, ही काय हाडं घेऊन आलायस?" मग लंगोट-टॉवेल उचलून तो तालमीत निघून गेला. मामाचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर ती हाडं बघून माझे हात शिवशिवायला लागले होते. "मी करतो की," मी म्हटलं. (कोल्हापुरात आम्ही बायकाही 'करतो'च म्हणतो. लग्नानंतर पुण्याची एक जाऊ हे ऐकून पोट धरधरून हसली होती. हसू दे.)

आम्ही कुंभार. नुसते मडक्यांचे नव्हे, गणपतीचे. आषाढ लागला की घर गणपतीचं व्हायचं आणि आम्ही त्यात भाडेकरू. सोप्यात गणपती, माजघरात गणपती, जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक गणपती, आणि त्यांच्यामधून वाट काढत आई चुलीकडं जायची. पॉलिश पेपर घासल्याची खर्रखर्र दिवसभर कानात. मागच्या अंगणात कळंब्याच्या बाजूनं आलेली माती भिजत पडलेली, तिच्यावर गोणपाट. वार्निश आणि टर्पेंटाइनचा वास तर इतका मुरलेला, की शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाकाला रुमाल लावायची. जेवायला भाकरी, खर्डा, दही आणि कांदा, कारण बसून जेवायला जागाच नसायची. आम्ही उभ्यानं, एका हातात भाकरी धरून जेवायचो, आणि भाकरीलाही वार्निशचीच चव. आज कळंब्याकडच्या माझ्या फ्लॅटमध्ये सगळं कसं लखलखीत आहे, आणि तरी श्रावणात मी रंगाच्या दुकानावरून मुद्दाम चालत जाते. दुकानदाराला वाटतं, आज्जी रंग घ्यायला आल्या. मी नुसता वास घेऊन परत येते.

कामाची वाटणी ठरलेली होती आणि ती कुणी कधी ठरवली होती हे कुणाला विचारायची सोय नव्हती. माती मळणं, मूर्ती घासणं, पांढरा हात देणं ही बायकांची कामं. अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी काम पुरुषांचं. आणि डोळे एकट्या आबांचे. आबा म्हणजे माझे वडील. डोळे काढण्याला आमच्यात आखणी म्हणतात. आखणीच्या दिवशी आबा सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, दाराच्या उजेडात पाटावर बसायचे. तोवर घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आधी पांढरं, मग कोपऱ्यात पुसटसा तांबूस, मग तपकिरी बुबुळ, मग काळं, आणि शेवटी त्या काळ्यात पांढरा एवढासा ठिपका. तो ठिपका पडला की मातीचं काहीतरी निराळंच व्हायचं. मी लहानपणापासून शेकडो वेळा बघितलं, आणि दर वेळी अंगावर काटा आला.

ह्या आखणीचे दोन नियम होते. एक, रंग पुरा झालेली मूर्ती बिनडोळ्याची ठेवायची नाही; रंग वाळला की दुसऱ्या दिवशी डोळे पडलेच पाहिजेत. दोन, काढलेला डोळा पुसायचा नाही. कसाही निघो, काढला तो काढला. आणि तिसरा एक होता, जो कुणी नियम म्हणून सांगायचं नाही: पोरींना आखणी शिकवायची नाही. गणपती कुणाच्या घरचा आहे हे लोक डोळ्यांवरून ओळखायचे. पोरगी लग्न होऊन जाणार ती दुसऱ्या कुंभाराच्या घरी. तिच्याबरोबर डोळे त्या घरी गेले तर? आबांची विधवा बहीण, आमची आत्ती, हे फार ठासून सांगायची. तिला स्वतःला कुणी कधी शिकवलं नव्हतं. दादाला मात्र आबा रोज तासभर पाटीवर डोळे काढायला बसवायचे, आणि दादाचं सगळं लक्ष घड्याळाकडं. त्यानं काढलेला डोळा झोप मोडल्यासारखा दिसायचा. मी भाकरी थापताना परातीतल्या पिठावर बोटानं डोळे काढायचे. ते दादाच्या डोळ्यांपेक्षा बरे असायचे. हे मी गर्वानं सांगत नाही, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मला विचारतो कोण?

तर तो रोबो. नखं कापायच्या कात्रीनं मी एकेक तुकडा चौकटीतून सोडवला. कागदावर सगळं जपानीत, पण बाणांना भाषा नसते. शाळेतून आले की माळ्यावर चढायचं, कौलातल्या काचेखाली बसायचं आणि जोडायचं. आठवड्याभरात वीतभर उंचीचा माणूस उभा राहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं की तो किडकिडीत आहे. खोक्यावर कसा राक्षसासारखा दिसत होता, आणि इथं काटकुळ्या मांड्या, छाती आत गेलेली. आमच्या गल्लीत तालीम, घरात पैलवान भाऊ. मला काय ते बघवेना. आबांच्या डब्यातली लांबी घेतली, लाकडाच्या भेगा बुजवायला असते ती, आणि त्याच्या दंडावर, छातीवर, मांड्यांवर थापली. वाळली की घासायची, पुन्हा थापायची. हळूहळू त्याला खांदे आले, मांड्यांना आकार आला. मामानं बघितलं आणि म्हणाला, "ह्याला खुराक कुणी घातला ग?" माझ्या भाचीची मुलगी परवा मला मोबाइलवर दाखवत होती, मोठमोठे बाप्ये असे रोबो घेऊन बसतात, कापतात, भर घालतात, नवे रंग देतात, आणि लाखो लोक ते बघतात. त्याला कस्टम करणं म्हणतात म्हणे. मी म्हटलं, बाई, आम्ही त्याला लांबी भरणं म्हणायचो.

रंगात मी सपशेल तोंडावर पडले. मला माहीत होती ती एकच पद्धत, मूर्तीची. आधी खडू आणि डिंकाचा पांढरा हात, त्यावर पाण्यातले रंग. मी तसाच दिला. सुंदर बसला. दुसऱ्या दिवशी हात लावला तर छातीवरचा सगळा निळा पापडासारखा सुटून हातात आला. माती पाणी पिते, रंगाला धरून ठेवते. प्लास्टिकला त्याचं काही देणंघेणं नाही. मी सगळं धुऊन काढलं, बारीक पॉलिश पेपरनं अंग खरवडलं आणि आबांच्या ऑइल पेंटच्या डब्यांच्या तळाशी जे उरलेलं असायचं ते घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक थर वाळायला दोन दिवस. पावसाळी हवा, त्यामुळं कधी तीन. पण मला घाई नव्हती. खोक्यावर तो पांढरा आणि निळा होता. मी त्याला आबांच्या पितांबरासारखा केला, गडद केशरी कडेला आणि आत येत येत पिवळा. ढालीला सोनेरी पूड वार्निशमध्ये कालवून लावली. शिंगांना मोतिया. रोज रात्रीच्या जेवणाआधी आबा माळ्याच्या शिडीवर दोन पायऱ्या चढून बघून जायचे. बोलायचे काही नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "सोनेरी दाट झालंय. पातळ कर." मी पातळ केलं. तेवढं मला आठवडाभर पुरलं.

आणि सगळं पुरं झालं तेव्हा फक्त डोळे राहिले. खोक्यावरच्या चित्रात त्याला डोळे म्हणून नुसत्या दोन पिवळ्या तिरक्या फटी होत्या, रागीट. तेही मला रंगवायचेच होते. हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळा खटाटोप मी त्या डोळ्यांसाठीच केला होता. तो देव नव्हता. त्याला कुठलाच नियम लागू नव्हता. ह्या घरात मला आखणी करता येईल असा जगात एकच चेहरा होता आणि तो जपानहून माझ्याकडं आला होता. म्हणूनच हात धजत नव्हता. खारीच्या केसांचा बारीक ब्रश घेऊन मी तीन दिवस त्याच्यासमोर बसले आणि तीनही दिवस तसाच खाली ठेवला. काय वाटेल ते होवो, शनिवारी सकाळची शाळा करून आले की काढायचेच, असं ठरवलं. माळा गळायला लागला होता म्हणून रोबोला खाली आणून माजघरातल्या फळीवर, गणपतींच्या रांगेच्या टोकाला ठेवला आणि शाळेत गेले.

परत आले तर सगळे माजघरात. आई, आत्ती, मामा, तालमीतून आलेला दादासुद्धा. आबा पाटावर, हातात ब्रश तसाच. फळीवरून रोबो माझ्याकडं बघत होता. माझ्याकडंच. लांबट, शांत, थोडे मिटल्यासारखे डोळे, कोपऱ्यात पुसटसा तांबूस, काळ्यात पांढरा ठिपका. आबांचे डोळे. नंतर कळलं ते असं: रंग पुरा झालेला आणि बिनडोळ्याचा तो देवांच्या रांगेत उभा, हे आत्तीला सकाळपासून सोसवेना. "ते आंधळं बघतंय माझ्याकडं," म्हणून तिनं आबांच्या मागं भुणभुण लावली. आबांनाही ते खटकलंच. मग त्यांनी मूर्ती सोडून रोबो हातात घेतला आणि त्या चिमुकल्या तोंडावर, सुपारीएवढ्या, आयुष्यातली सगळ्यात बारीक आखणी केली. मला खूश करायला केली. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. म्हणाले, "कसं झालंय, शालन?"

मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. आबांचा आला, आत्तीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या डोळ्यांचा आला, कारण ते फार सुंदर होते आणि मला तसे जमले नसते. मी दप्तर खाली ठेवलं. ब्रश धुवायचा थिनर कोनाड्यात होता, त्यात फडकं बुडवलं, फळीवरून रोबो उचलला आणि सगळ्यांसमोर त्याचे डोळे पुसले. आमच्या घरात काढलेला डोळा कुणी कधी पुसला नव्हता. आत्तीनं तोंडावर पदर घेतला. पण पुढचं तर मलाही ठाऊक नव्हतं. थिनरनं डोळे गेले आणि पाठोपाठ तोंडच मऊ पडलं. फडक्याबरोबर नाक गेलं, हनुवटी वाहिली, एक शिंग वाकून आडवं झालं. ऑइल पेंटनं ज्याला काही केलं नव्हतं ते प्लास्टिक थिनरनं मेणासारखं वितळलं. माझ्या हातात केशरी अंगाचा, सोनेरी ढालीचा पैलवान होता आणि त्याला तोंड नव्हतं.

"मुडदा बशिवला तुझा," आत्ती म्हणाली. आबांनी ब्रश थिनरमध्ये बुडवला, निथळला, फडक्याला पुसला, जागेवर ठेवला आणि चपला घालून बाहेर गेले. ते दुपारी जेवायला आले नाहीत. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "दोन फटके दिले असते तर बरं झालं असतं बघ." मलाही तेच वाटत होतं. संध्याकाळी ते आले, जेवले, आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. आता माती मळणंसुद्धा ह्या घरात माझ्या वाट्याला येणार नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आत्ती सकाळच्या गाडीनं जोतिबाला गेली, माझ्या नावानं गुलाल उधळून पाप फेडायला. आबांनी मला अंगणात हाक मारली. पाटावर रोबो, बाजूला खोक्याचं झाकण आणि ओल्या शाडूचा गोळा. मी उभीच राहिले.

"का पुसलंस?" आबांनी विचारलं.

"मला काढायचं हुतं."

"मग सांगायचं की."

"सांगितलं असतं तर काढू दिलं असतं?"

आबांनी शाडू बोटात फिरवला. मग म्हणाले, "न्हाई." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी झाकणावरचं चित्र डोळ्यांजवळ नेलं, चष्मा वर केला आणि गिऱ्हाइकानं आणलेला नमुना बघावा तसे बघत म्हणाले, "ह्याला नाक हाय का न्हाई?"

"न्हाई. ती जाळी हाय."

"जाळी कशापायी? बोलत न्हाई का त्यो?" असं म्हणत त्यांनी सुपारीएवढं डोकं घडवलं. जाळी कोरली, शिंगं लावली. कोरता कोरता, माझ्याकडं न बघता, ते बोलत होते. "मी आजवर एकबी डोळा पुसला न्हाई. पुसायला पायजे हुते असे लई काढले. शुक्रवार पेठंतल्या एका घरात माझा गणपती धा दिवस तिरका बघत बसला हुता. मी धा दिवस त्या गल्लीनं गेलो न्हाई. पुसायचा धीरच झाला न्हाई कधी. आन तू काल भर माजघरात पुसलंस." ते रागावले आहेत की काय मला कळेना. डोकं त्यांनी चुलीच्या उबेला वाळत ठेवलं. "उद्या शाळेच्या आधी ये," म्हणाले.

सोमवारी त्यांनी मला पाटावर बसवलं आणि आपला ब्रश दिला. मी डोळा काढला. आबा म्हणाले, "पूस." मी ओल्या फडक्यानं पुसला. दुसरा काढला. "पूस." बुबुळ वर गेलं होतं. पूस. दोन डोळ्यांची दोन मतं पडली होती. पूस. "हा बरा हाय," मी म्हटलं. "बरा हाय म्हणूनच पूस," आबा म्हणाले. असं रोज, शाळेच्या आधी, पंधरा-वीस दिवस. शाडूचं ते डोकं पुसून पुसून बारीक झालं, तेव्हा आबांनी दुसरं केलं, मग तिसरं, आणि ते रोबोच्या मानेवर बसवलं. दादा एकदा दारातून बघून म्हणाला, "बरं झालं बया, माझी सुटका झाली," आणि खरंच त्या दिवसापासून तो पाटीवर बसला नाही. आत्तीचं मात्र तोंड चालूच होतं. एकदा तिनं भाकरी टाकता टाकता आबांना सरळ ऐकवलं, "पोरगी उद्या दुसऱ्या कुंभाराच्या घरात जाईल, आन तुमचं डोळं तिथल्या गणपतीला लागतील. मग बसा."

आबा म्हणाले, "माझं न्हाईत लागायचं. तिचं येगळं हायत. बघ जा एकदा." आत्ती आली, तिनं रोबोकडं बघितलं. मी चित्रातल्या पिवळ्या तिरक्या फटी काढल्या नव्हत्या आणि आबांचे मिटल्यासारखे डोळेही काढले नव्हते. पूर्ण उघडे, जरा चकित झालेले डोळे होते. आत्ती बराच वेळ बघत होती. मग पदरानं हात पुसत चुलीकडं गेली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. तो रोबो आजही माझ्याकडं आहे, टीव्हीच्या शेजारी. सून दर दिवाळीला त्याची धूळ झटकून ठेवते. मान जरा हलते, पण डोळे शाबूत आहेत.

श्रावण संपत आला तेव्हा आबांनी फळीवरून एक हातभर गणपती उतरवला आणि माझ्यापुढं ठेवला. मी आंघोळ करून आले. दाराच्या उजेडात पाटावर बसले आणि ब्रश उचलला. माझ्या हातचा तो पहिला देव. पांढरा ठिपका पडला आणि तो माझ्याकडं बघायला लागला तेव्हा मी मान फिरवली, मला ते सहन झालं नाही.

गणपती न्यायच्या दिवशी उचगावचे एक पाहुणे आले, दरवर्षी आमच्याकडूनच न्यायचे. घरी म्हशी, दुधाचा धंदा, मोठा गोतावळा. त्यांनी डोळे पडायच्या आधीच, नेमका मी आखलेलाच गणपती सांगून ठेवला होता. रुमाल टाकून उचलणार, तेवढ्यात थांबले. "आबा, ह्या वर्षी हात बदललाय काय?"

"व्हय. पोरीनं केलंय," आबा म्हणाले.

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं, गणपतीकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. "चांगलं हाय की," म्हणाले. "पण घरात म्हातारी हाय. ती इचारंल, कुणाचं डोळं म्हणून. मी काय सांगू?"

"मग ऱ्हाऊ दे, पावणं," आबा म्हणाले. "दुसरा घेऊन जावा." त्यांनी आपल्या हातचा एक गणपती उतरवून दिला, पाहुण्यांच्या डोक्यावरची टोपी नीट केली, गाडीपर्यंत पोचवायला गेले. मी कोंड्याच्या पोत्यामागं जाऊन बसले. तिथं कुणी बघत नव्हतं, म्हणून पोटभर रडून घेतलं. त्या दिवशी आणखी दोघांनी तो गणपती हातात घेऊन परत ठेवला. कुणी काही वाईट बोललं नाही, नुसता परत ठेवला. वाईट बोलले असते तर मी भांडले असते.

आमच्यात घरच्यासाठी गणपती निवडत नाहीत. सगळ्या गल्लीची, खेड्यापाड्यांची गिऱ्हाइकं घेऊन गेली की फळीवर जो उरेल तो आमचा. त्या वर्षी संध्याकाळपर्यंत फळी मोकळी झाली आणि एकच उरला. आईनं चौरंग मांडला. आबांनी तो उचलून बसवला. गुरुजी आले, पूजा झाली, मंत्र झाले, त्याच्या छातीला दूर्वा लावून त्यात प्राण घातला. आरती सुरू झाली. दादा झांजा वाजवत होता, आत्तीचा आवाज सगळ्यांच्या वर. निरांजनाचा उजेड त्याच्या तोंडावर पडला आणि मला दिसलं: डावं बुबुळ उजव्यापेक्षा किंचित मोठं. गहू मावेल एवढंही नाही, पण मोठं. अंगणातल्या उजेडात दिसलं नव्हतं, आता दुसरं काही दिसेना. तिघांनी परत ठेवला तो ह्याच्यासाठीच, असं मला वाटलं. टाळ्या वाजवता वाजवता माझा हात थांबला. आरती संपली की एक फडकं, दोन मिनिटांचं काम. फडकं कुठं आहे हे मी शोधायलाही लागले होते, तेव्हा आबांनी माझं मनगट धरलं. ते माझ्याकडं बघतही नव्हते, आरती म्हणता म्हणताच वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ते डोळं आता तुझं न्हाईत."

मग त्यांनी माझा हात सोडला, आणि मी पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.